खाल्ल्या घरचे वासे

'घर पाहावे बांधून' असे वडीलधारी मंडळी सांगत आली. घर पाहावे पाडून, असे मात्र कोणी सांगितले नव्हते. ते भाग्य यंदा आमच्या कपाळी आले आहे. कळवणचे आमचे वडिलोपार्जित घर दिवाळी आटोपली की पाडावयाचे, असे भावकीने एकमताने ठरविले. एकमताने म्हणजे माझे एक मत वगळून. तेव्हा हे हरलेल्या पक्षाचे भाषण आहे, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

घर काही राजवाडा नव्हे. दगडी उथळ्यांवर सागाचे खांब, त्यांवर तुळया, कड्या, किलच आणि वर धाब्याची माती. घर गळत नाही, कललेले नाही. मग गुन्हा कोणता? तर ते लाकडी आहे! "पुतण्याला स्थळे येतात आणि घर पाहून परत जातात," असे आमची भावजय सांगते. मुलीच्या बापाला स्लॅब हवा. लाकूड म्हणजे गरिबी आणि सिमेंट म्हणजे प्रतिष्ठा, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. 2001 च्या जनगणनेतसुद्धा लाकडाच्या भिंती गवत-बांबूच्या पंक्तीला बसवून 'तात्पुरत्या' ठरविल्या होत्या. जपानातील होर्युजीची लाकडी मंदिरे तेराशे वर्षे भूकंपाच्या देशात उभी आहेत. तीही बहुधा तात्पुरतीच असावीत!

विरोधी पक्ष म्हणतो, लाकूड जळते. खरे आहे. पुण्याचा शनिवारवाडा 1828 साली जळाला, हे मी कसे नाकारू? परंतु जाड तुळई काडीसारखी भसकन् पेटत नाही. वरचा थर कोळसा होतो आणि तोच कोळसा आतला गाभा बराच वेळ राखतो. उलट उघडे लोखंड फार तापले की मऊ पडून वाकते. नॉर्वेत 2019 साली अठरा मजल्यांची, 85 मीटर उंचीची लाकडी इमारत उभी राहिली. तेथील लोकांना आग ठाऊक नाही, असे थोडेच आहे?

दुसरा आक्षेप उधईचा. उधईला हवी असते ओल. म्हणून तर आपल्या सुतारांनी खांब जमिनीत न पुरता दगडी उथळ्यावर ठेवला. ओल मुरली तर स्लॅबमधले लोखंडही गंजते आणि छताचे पोपडे ताटात पडतात. दोष ओलीचा, शिक्षा मात्र लाकडाला!

तिसरा आक्षेप भूकंपाचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या, माळवदाच्या मातीचे ओझे अंगावर आले. मात्र खांब-तुळयांचा सांगाडा जेथे नीट जोडलेला होता तेथे भिंती कोसळूनही तो अनेक ठिकाणी उभा राहिला. त्यातून घ्यावयाचा धडा होता तो हा की, भिंती नीट बांधा, माथ्यावरचे ओझे कमी करा. आपण धडा घेतला तो लाकूड नको असा.

चौथा आक्षेप जंगलाचा, आणि त्यापुढे मी मान लववितो. जंगल वाचावे म्हणूनच 1993 साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या कामांत लाकूड बंद केले होते; 2020 साली ती बंदी उठली. नव्या घरासाठी जंगल तोडा, असे मी म्हणतच नाही. पण आमच्या घरातले झाड तर कधीच तुटले आहे! ते टाकून सिमेंट आणावयाचे, त्यासाठी भट्ट्या पेटवावयाच्या आणि नदीचे पात्र वाळूसाठी खरवडावयाचे, यात कोणते जंगल वाचले?

आणखी एक गंमत सांगतो. आमच्या भागातला शेतकरी कांदा कोठे ठेवतो? फटी राखलेल्या चाळीत. कारण कोंडलेल्या उकाड्यात कांदा सडतो. कांद्याला एवढा मान! आणि म्हातारी आई मात्र वैशाखात तापलेल्या स्लॅबखाली पंख्याचा गरम वारा खात पडलेली चालते.

परवा व्यापारी येऊन खांब मोजून गेला. हे नक्षीचे खांब शहरातल्या एका हॉटेलात लागणार आहेत. म्हणजे ज्या खांबापायी पुतण्याचे लग्न अडले, त्याच खांबाखाली बसून शहरातली मंडळी पैसे मोजून पिठले-भाकरी खाणार! खाल्ल्या घरचे वासे मोजणे म्हणतात ते हेच.

भावकीपुढे मी एवढेच मागितले आहे, वाचकांनीही आपापल्या घरी मागावे. पाडण्याआधी एक जाणता सुतार बोलवा. त्याने प्रत्येक खांब ठोकून पाहावा. कुजलेला असेल तो बदलावा, माथ्यावरची माती उतरवून हलके पत्रे घालावेत, न्हाणीघर हवे तर सिमेंटचे बांधावे. एवढे करूनही घर राहण्याजोगे नाही असे तो म्हणाला, तर पहिला घाव मी स्वतः घालीन. पण 'लोक काय म्हणतील' एवढ्यासाठी घालणार नाही. भाऊबीजेला सारे जमणार आहेत. सुतारालाही निरोप धाडला आहे.