तणमोराचं रान ‘पडीक’ नाही

पाऊस लागून महिनाभर झाला की वऱ्हाडातल्या गवताच्या माळावर तणमोराचा नर उड्या मारू लागतो. हा पक्षी कोंबडीएवढा. मांडीभर वाढलेल्या गवतात तो उभा असला तरी दिसत नाही, म्हणून मादीला दिसावं यासाठी तो सरळ वर झेपावतो, क्षणभर पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात उतरतो. डोक्यामागच्या लांब पिसांच्या बटा तेवढ्या वेळात हवेत चमकून जातात. दिवसाकाठी अशा शेकडो उड्या होतात. भोवती दाट झाडी उभी राहिली, तर ही उडी दिसायची कुणाला?

संकटातल्या पक्ष्यांसाठी सरकार काहीच करत नाही, असं सरसकट बोललं जातं. ते खरं नाही. १८८४ नंतर ज्याचा खात्रीचा पुरावा मिळाला नव्हता, तो रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढच्या शोधात त्याची मोठी वस्ती आढळली ती अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात. वाघासाठी १९७४ पासून राखलेलं सागाचं जंगल या पिंगळ्यालाही उपयोगी पडलं. हे श्रेय वन खात्याला दिलंच पाहिजे.

पण मेळघाटाचा कित्ता माळावर गिरवता येत नाही. अभयारण्य जाहीर केलं की पक्षी वाचला, असं मानणाऱ्यांनी सोलापूरकडे बघावं. १९७९ मध्ये माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर आखलं गेलं. त्यात गावंच्या गावं आणि पिकती शेतं आली, जमिनीचे व्यवहार अडले, लोक चिडले. शेवटी क्षेत्र बाराशेच्या आसपास आणावं लागलं. तोवर माळढोक जवळजवळ नाहीसा झाला होता.

तणमोराची अडचण याहून अवघड आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे; पण त्याचं घर मात्र बरंचसं गावच्या ई-क्लास (सरकारी चराईच्या) जमिनीवर, पडीत आणि वावराच्या धुऱ्याला लागून. पक्षी वन खात्याचा, जमीन महसूल खात्याची. सरकारी भाषेत ती ‘पडीक’. आणि पडीक म्हटलं की तिथं झाडं लावणं हे पुण्यकर्म! २०१६ ते २०१९ या काळात राज्यात ५० कोटी वृक्ष लावण्याची मोहीम झाली. हेतू चांगला होता. पण गवताच्या माळावर खणलेला खड्डा हा तणमोराच्या अंगणात खणलेला खड्डा असतो. हा पक्षी जमिनीवर अंडी घालतो, नाकतोडे-किडे टिपतो; झाडाच्या फांदीशी त्याचं देणंघेणं नाही. राहिलेल्या गवतात सोयाबीन शिरलं, त्यावर फवारणी आली. उरलेला तुकडाही आपणच हिरवा करण्याच्या नादात बुजवायचा का?

दुसरा आक्षेप नेहमीचा: पारध्यांनीच पक्षी संपवले. फासेपारध्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तितर, लावे, तणमोर धरले, हे कुणी नाकारत नाही. पण नांगरट करावी तसं माळच्या माळ त्यांनी उलथले नाहीत. फासा लावणाऱ्याला पक्षी कुठल्या वाटेनं चालतो, मादी कुठल्या गवतात बसते, हे ठाऊक असावंच लागतं. नाहीतर फासा रिकामा राहतो. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांच्याकडचं हे ज्ञान आजही बेड्याबेड्यांवर, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर, आहे. अकोला-वाशीमच्या पट्ट्यात ‘संवेदना’ ही संस्था याच फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ रान आणि तणमोर राखण्याचं काम करत आली आहे. ज्या हातांनी फासे लावले, तेच हात घरटं राखू शकतात. त्यांना हंगामी मजुरी नव्हे, माळ राखण्याचा हक्क आणि नियमित मोबदला हवा. २००६ चा वनहक्क कायदा वनजमिनीपुरती हक्काची वाट देतोच. ई-क्लाससाठी ती सरकारनं काढावी.

शेतकऱ्याला यातून नुकसान नाही. राखलेलं गवत कापून त्याच्याच गुरांना जातं. फक्त कापणी अंडी फुटून पिल्लं निघून गेल्यावर व्हावी.

येत्या जूनमध्ये खड्डे खणण्याआधी अकोला आणि अमरावतीच्या जिल्हा प्रशासनानं ई-क्लासमधल्या गवताच्या जमिनींची वेगळी यादी करावी, ग्रामसभेत ती वाचून दाखवावी आणि त्या गटांवर वृक्षलागवड करू नये. या कामाला नवा कायदा लागत नाही, नवं अभयारण्यही लागत नाही.