स्कीपटूंचे गुडघे पडण्याआधीच का दुखावतात?
अल्पाइन स्कीइंगच्या डाउनहिल शर्यतीत वेग ताशी १३० किलोमीटरवर जातो. दुखापतींमध्ये सर्वाधिक वाटा गुडघ्याचा असतो. ओस्लोच्या संशोधकांनी विश्वचषक शर्यतींतील अशा २० दुखापतींच्या चित्रफिती तपासल्या. बहुतेकांच्या गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध पडल्यामुळे नव्हे, तर त्याआधीच, वळताना किंवा उडीनंतर टेकताना तुटला होता.

सर्वाधिक आढळलेला प्रकार असा: वळणावर बाहेरची स्की निसटते, खेळाडू पाय ताणून पकड शोधतो, स्कीची आतली धार अचानक बर्फात रुतते आणि गुडघा आत पिळवटतो.

विश्वचषकात २०२४-२५ पासून डाउनहिल आणि सुपर-जीमध्ये एअरबॅग सक्तीची झाली. पण ती धड वाचवते. गुडघा वाचवायचा तर स्कीची रचना आणि बर्फाची पकड यांकडेच पाहावे लागेल.