असईचे मृत कोणाचे?

रणभूमी दाखवण्याचा व्यवसाय आज जगभर रुजला आहे. फ्रान्समधील सोम नदीचा परिसर असो, बेल्जियममधील ईप्र असो की तुर्कस्तानातील गॅलिपोली, तेथे गावचे वाटाडे पाहुण्यांना महायुद्धातील खंदक दाखवतात, लष्करी दफनभूमीतील कबरींवरची नावे वाचून दाखवतात आणि त्यावर आपला चरितार्थ चालवतात. या व्यवसायाविषयी आमच्या मनात अनादर नाही. वाटाड्याची भाकर कष्टाची आहे. पण जेथे सहस्रावधी माणसे मातीत मिसळली, तेथे उभे राहून कोणाची कथा सांगावी, हा प्रश्न भाकरीहून मोठा आहे. आणि तो जालना जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांपुढेही आहे, हे आमच्या वाचकांच्या लक्षात आणून देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

आमच्या जिल्ह्यात महायुद्धाची रणभूमी नाही. मात्र भोकरदन-जाफराबाद परिसरात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दुबेळक्यात असई नावाचे लहानसे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे ईस्ट इंडिया कंपनीची फौज एका बाजूस आणि दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज दुसऱ्या बाजूस, अशी लढाई झाली. कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली तेव्हा ३४ वर्षांचा होता. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पराभव केला. उतारवयात आपल्या सर्वोत्तम लढाईविषयी विचारले असता त्याने वॉटर्लूचे नव्हे, तर असईचे नाव घेतले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. असईविषयी जे काही सांगितले जाते ते बहुधा या आख्यायिकेपासून सुरू होते आणि तिच्यापाशीच संपते. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

या लढाईत एक प्रसंग असा आहे की जो प्रत्येक वाटाड्याने मनन करण्याजोगा आहे. केळणा ओलांडायला जवळपास उतार नाही, असे वेलस्लीबरोबरच्या स्थानिक वाटाड्यांनी त्याला सांगितले होते. त्याने दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दिसली. जेथे गावे अशी समोरासमोर असतात तेथे जा-ये असणारच आणि जा-ये असेल तेथे उतारही असणार, असा तर्क त्याने केला, आणि तो खरा ठरला. इतिहासकारांनी या तर्काचे कौतुक करण्यात पानेच्या पाने खर्ची घातली. ते वाटाडे मात्र निनावीच राहिले. ते कोण होते, कोणत्या गावचे होते, स्वखुशीने आले होते की धरून आणले होते, हे विचारावेसे कोणाला वाटले नाही. असईच्या पहिल्या वाटाड्यांच्या वाट्याला जे विस्मरण आले, तेच तेथे पडलेल्या हजारोंच्या वाट्याला आले.

आकडे पाहावे. कंपनीच्या बाजूचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता, म्हणजे एकूण १,५८४ माणसे एका दुपारीत कामी आली किंवा जायबंदी झाली. यांत स्कॉटलंडचे गोरे शिपाई होते, तसेच मद्रासकडचे हिंदी शिपाई आणि स्वारही मोठ्या संख्येने होते. दुसऱ्या बाजूचे सुमारे १,२०० लोक रणांगणावर मृत आढळले, असे वेलस्लीनेच लिहिले आहे. जखमींचा तर नुसता अंदाजच आहे. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. तोफांवरून शत्रूची फळी पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून पुन्हा मारा सुरू केला, ही नोंद इंग्रजांच्याच लेखनात आहे. अखेरीस ९८ तोफा कंपनीच्या हाती लागल्या. तोफा एकेक करून मोजल्या गेल्या. त्यांच्यापाशी मेलेल्यांची मोजदाद मात्र ठोकळमानाने झाली, आणि त्यांची नावे तर कोणी विचारलीच नाहीत. कंपनीच्या बाजूला पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे खलित्यांत छापून आली. त्यांच्याशेजारी पडलेला मद्रासी शिपाई आकड्यात जमा झाला.

कोणी म्हणेल, ही १८०३ ची गोष्ट. तेव्हा जगाची रीतच तशी होती. मग पुढील शतकाकडे पाहू. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, युद्धकबरींची देखभाल करण्यासाठी साम्राज्याचा आयोग स्थापन झाला. हुद्दा, वंश वा धर्म न पाहता प्रत्येक मृताला सारखाच मान, हे त्याचे तत्त्व होते. तत्त्व थोर होते, यात शंका नाही. पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत. तेथील हिरवळ आणि एकसारख्या शिळांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना त्या तत्त्वाचे सौंदर्य सांगावे लागणार नाही. परंतु हेच तत्त्व तैग्रिस नदीच्या काठी पोहोचले तेव्हा त्याचे काय झाले? मेसोपोटेमियातील कूट येथे ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात जी फौज वेढ्यात अडकली, तिच्यात मराठा पलटणी होत्या. आपल्या सह्याद्रीच्या खेड्यांतील मुले तेथे उपासमारीने, रोगाने आणि नंतर कैदेत मेली. त्या मोहिमेतील मृतांसाठी बसऱ्याला भव्य स्मारक उभारले गेले. त्यावर इंग्रज शिपायाचे नाव आले. हिंदी अधिकाऱ्याचेही आले. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावापुढचा आकडा आला. याच आयोगाच्या वारसदार संस्थेने २०२१ मध्ये स्वतःचा चौकशी अहवाल प्रसिद्ध केला आणि ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमानतेने झाले, अशी कबुली दिली. त्यांत हिंदी सैनिक मोठ्या संख्येने आहेत. ब्रिटिश संसदेत त्याबद्दल क्षमायाचनाही झाली. असई ते बसरा या शंभराहून अधिक वर्षांत हिंदी शिपाई आकड्यातून नावात आला नाही, हा याचा अर्थ.

नावाचे सामर्थ्य काय असते, हे महाराष्ट्राला निराळे सांगायला नको. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगाव भीमा येथे कंपनीने विजयस्तंभ उभारला. तो कंपनीच्या गौरवासाठी होता. परंतु त्यावर पडलेल्या हिंदी शिपायांची नावे कोरली गेली, आणि त्यांत महार शिपायांची नावे होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. ज्यांना समाजाने शतकानुशतके नाव नाकारले त्यांना आपल्या पूर्वजांची नावे दगडावर वाचता आली, आणि एका चळवळीला आपल्या इतिहासाचे ठिकाण सापडले. नावे नसती तर तो स्तंभ कंपनीच्या बढाईचा एक दगड म्हणून राहिला असता.

आता आमच्याच माणसांच्या आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, असईला कंपनीकडून लढलेले शिपाई परक्यांचे चाकर होते. त्यांचे स्मरण आपण का करावे? या प्रश्नात एक सोयीस्कर सरळपणा आहे. मराठ्यांच्या कवायती पलटणींचा त्या दिवशीचा सेनानायक पोलमन हा जर्मनीतील हॅनोव्हरचा होता, आणि कंपनीच्या पलटणींत तमिळ-तेलुगू घरांतील मुले होती. आपले आणि परके यांची रेघ त्या शेतांतून सरळ जात नाही. पोटासाठी पलटणीत गेलेल्या माणसाचा न्याय आपण दोनशे वर्षांनी करायला बसलो, तर निदान दोन्ही काठांवर एकच माप लावावे. आजच्या भारतीय सेनेतील मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर जो हत्ती आहे तो या असईचाच आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे: ही माणसे कॅथलिक नव्हती, बहुतेक तर ख्रिस्तीही नव्हती, आपल्या धर्मग्रामाचा त्यांच्याशी संबंध काय? हा आक्षेप घेणाऱ्यांनी मक्कबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय उघडावा. आपण मृतांसाठी जी प्रार्थना करतो तिचा शास्त्राधार ख्रिस्तसभा या अध्यायात पाहते, आणि हा अध्याय रणभूमीवर घडतो. यहुदा मक्कबी लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांना पुरण्यासाठी जातो, तेव्हा त्यांच्या अंगरख्यांखाली परक्या दैवतांचे ताईत सापडतात. म्हणजे ते निर्दोष नव्हते. तरीही तो त्यांना टाकून देत नाही. वर्गणी गोळा करून त्यांच्या पापक्षमेसाठी यरुशलेमला अर्पण पाठवतो. टोबितची कथाही तीच शिकवण देते. निनवे नगरात राजाने मारून टाकलेल्यांची प्रेते तो रात्री उचलून पुरीत असे आणि त्यासाठी त्याने आपली मालमत्ता गमावली. हे निनवे त्याच तैग्रिसच्या काठी आहे, जिच्या काठी पुढे मराठी शिपाई मेले. मृताला मूठमाती देणे हे दयेच्या कृत्यांपैकी एक आहे, आणि त्या कृत्याच्या आधी मृताची जात वा पंथ विचारण्याची सोय शास्त्राने ठेवलेली नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. पाहुण्याला पराक्रम ऐकायचा असतो. मृतांची यादी ऐकायला कोण पैसे देईल? आम्हांला हे मान्य नाही. सोम आणि ईप्र येथे जाणारे लोक सेनापतींच्या पुतळ्यांसाठी जात नाहीत. ते कोणाच्या तरी पणजोबाचे नाव शोधीत जातात. मृतांविषयी सत्य सांगणारा वाटाडा उपाशी राहतो, हा समज अनुभवाला धरून नाही.

मग असईच्या वाटाड्याने काय करावे? त्याने पाहुण्याला प्रथम पिंपळगाव-वरूडच्या उताराशी न्यावे आणि त्या निनावी वाटाड्यांचा उल्लेख करावा. दोन्ही बाजूंचे मृत एकाच दमात सांगावे. चौऱ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीची जेवढी वाताहत झाली ती सांगावी, आणि तोफांपाशी मेलेल्या गोलंदाजांचीही सांगावी. लढाईनंतरच्या १८०३-०४ च्या दुष्काळात दख्खनची जी रयत मेली तिला विसरू नये, कारण फौजा ज्या मुलखातून जातात तेथील दाणागोटा आणि वैरण त्यांच्याबरोबर जाते. नांगराला लागलेला तोफगोळा विकण्याची वस्तू नव्हे, हे गावातील मुलांना शिकवावे.

आणि धर्मग्रामाने काय करावे? एकोणिसाव्या शतकात जालन्याला लष्कराची छावणी होती. अशी छावणी जेथे जेथे होती तेथे जुन्या कबरी आहेत आणि चर्चच्या दफन-नोंदवह्या आहेत. आमच्या शिकलेल्या तरुणांनी सुट्टीचे चार दिवस काढून झिजत चाललेल्या शिळांवरची अक्षरे उतरून घ्यावीत, नोंदवह्यांतील नावांशी ताडून पाहावीत आणि एक प्रत धर्मग्रामात जपून ठेवावी. यासाठी अनुदान लागत नाही. वही, पेन आणि चिकाटी पुरते. शीळ पडल्यावर हळहळण्यात अर्थ नाही.

येत्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, आपण आपापल्या घरच्या कबरींवर मेणबत्त्या लावू आणि कुटुंबातील मृतांची नावे लिहून वेदीपाशी देऊ. त्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी असईची असावी, अशी आमची जिल्ह्यातील प्रत्येक धर्मगुरूला आणि प्रत्येक कुटुंबाला विनंती आहे. तीवर लिहायला आपल्याजवळ नावे नाहीत. म्हणून एवढेच लिहावे: असईच्या रणात दोन्ही बाजूंनी पडलेले, आणि त्यांच्या मागे उपाशी मेलेले.