चित्र सोपं करू नका, दार सोपं करा

गोदीच्या फाटकातून काळा घोडा चालत गाठता येतो. मला मात्र तिथल्या चित्रांपर्यंत पोचायला सहा वर्षं लागली. पाळी सुटली की रोज बाहेरूनच जायचो. आत जायची छाती होत नव्हती.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. आत जायला पैसे पडत नाहीत, मान्य. पण १९३० साली नाशिकला काळारामाच्या दारात आपली माणसं उभी राहिली, तेव्हा तिथं तरी कुठं तिकीट होतं? फुकट आणि खुलं यात किती अंतर असतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

मी पहिल्यांदा शिरलो ते त्याच भागातलं दुसरं एक दालन. वॉचमननं अडवलं. ‘कोणाकडे आलास? माल असेल तर मागच्या दारानं.’ म्हटलं, चित्राकडे आलोय. तो हसला. त्याच्यावर माझा राग नाही. तोही आपल्यासारखाच खोलीतून येतो, दिवसभर चित्रांकडे पाठ करून उभा राहतो. त्याला मालकानं एकदा तरी म्हटलं असेल का, की बाबा, जरा मागं वळून बघ?

आत पाट्या इंग्रजीत, किमती इंग्रजीत. शांतता पण साली इंग्रजीत.

आता काही भले लोक निघालेत. म्हणतात, कष्टकऱ्यांना कळतील अशी सोपी चित्रं लावू. याचा मला जास्त संताप येतो. क्रेनला लोंबकळणाऱ्या पेटीचं वजन मी नुसत्या नजरेनं ताडतो. दोर कुठं उसवतोय ते मुकादमाआधी मला दिसतं. हा डोळा अडाणी नाय. के. एच. आरा याच मुंबईत घरगडी होते, मोटारी धुवायचे. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, त्यात ते होते. त्यांच्यासाठी कुणी रंग सोपे केले होते?

६ डिसेंबरला शिवाजी पार्कात बघा. जमिनीवर कापड अंथरून तसबिरी मांडलेल्या असतात. गावाकडची म्हातारी एक उचलते, उन्हात धरते, म्हणते, ‘बाबाचा डोळा बरोबर नाय उतरला, दुसरी दाव.’ याला समीक्षा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

तेव्हा दालनवाल्यांनो, आमची कीव करू नका, एवढंच करा. कामकऱ्याची पाळी सुटल्यावरही दार उघडं ठेवा. पाट्या मराठीत लावा. थकलेल्या माणसाला बसायला बाकडं ठेवा. चित्रकाराला चित्राशेजारी उभा करा, आमच्या प्रश्नांना तोंड देऊ दे. आणि वॉचमनला त्याच्या पगारी वेळेत सगळं प्रदर्शन दाखवा. ज्या दालनाचा पहिला प्रेक्षक दारातला माणूस नाही, त्यानं ‘सर्वांसाठी कला’ ही पाटी उतरवावी.

आणि दोस्तहो, आपणही ‘ते आपलं नाय’ म्हणणं सोडू. हे वाक्य आपलं नव्हेच. ते आपल्या तोंडात कोंबलेलं आहे.

येत्या रविवारी मी टोळीतल्या चौघांना घेऊन जाणार आहे. गोदीच्याच कपड्यात. त्या वॉचमनला म्हणणार, चल भावा, तूही आत. आम्ही चित्रापुढं मोठ्यानं बोलणार, हे आवडलं, हे नाय, असं सांगणार.

तुम्हीपण या.

जय भीम.