ड्रायव्हरची झोप कोण मोजणार?

खंडाळ्याच्या घाटात अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीतील एक वाक्य ठरलेले असते. ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ किंवा ‘ब्रेक निकामी झाल्याने’. बातमी तेथे संपते. आम्हा डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. ताबा का सुटला? तो माणूस किती तास जागा होता? शेवटचा केव्हा जेवला होता? त्याला मधुमेहाची गोळी चालू होती काय? सर्दीचे औषध घेऊन तो स्टिअरिंगवर बसला होता काय? गाडीची कागदपत्रे पाहिली जातात, चालकाने दारू घेतली होती का तेही पाहिले जाते. पण त्याच्या झोपेचा हिशेब कोणी विचारत नाही.

आमच्या मावळ-लोणावळा भागात दवाखाना चालवायचा म्हणजे ट्रकचालक हा नेहमीचा पेशंट. एका बाजूला जुना मुंबई-पुणे रस्ता, दुसऱ्या बाजूला २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग, आणि तळेगाव-चाकणच्या कारखान्यांचा माल रात्रंदिवस बंदराकडे चाललेला. वडगाव, कामशेत, कार्ला या पट्ट्यात ‘घरचे कुठे आहेत?’ असे विचारले तर ‘गाडीवर आहेत’ हे उत्तर वारंवार मिळते. कोणी न्हावाशेव्याला कंटेनर नेतो, कोणी बंगळूर-चेन्नईची लाइन करतो, तर कोणी थेट कोलकात्यापर्यंत जातो. आजचा लेख या मंडळींसाठी आहे, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या घरच्यांसाठी व मालकांसाठी आहे.

प्रथम झोपेविषयी. आपल्या मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले तर वाहन चालवणे गुन्हा ठरतो. आता पुढचे नीट वाचा. डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे ज्या मंदपणाने चालतात, तो मंदपणा रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका असतो, असे त्यांना आढळले. २४ तास जागरण झाले की तो १०० मिलिग्रॅमच्या घरात जातो. म्हणजे दारूच्या थेंबालाही न शिवलेला, माळकरी, निर्व्यसनी ड्रायव्हर पहाटे सहाला उठून रात्री अकरानंतरही गाडी हाकत असेल, तर त्याचा मेंदू कायद्याने गुन्हेगार ठरलेल्या मद्यप्याच्याही पुढे गेलेला असतो. फरक एवढाच की तोंडाला वास येत नाही.

यात आणखी एक धोका आहे. थकलेला मेंदू दोन-चार सेकंदांची डुलकी परस्पर घेऊन टाकतो. डोळे उघडे असले तरी तो झोपलेला असतो आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. सपाट रस्त्यावर नशीब साथ देईल. बोरघाटाच्या उताराला वळण त्याआधीच येते. रात्री दोन ते पहाटे पाच ही शरीराची सर्वांत मंद वेळ, आणि नेमक्या त्याच वेळी घाट मोकळा मिळतो म्हणून गाड्या काढल्या जातात.

आता ‘ब्रेक निकामी’ या शब्दांकडे पाहू. उतारावर डिझेल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनाची अडवणूक संपते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग धरत नाहीत. हे ड्रायव्हरला ठाऊक नसते असे नाही. पण पगार खेपेवर, भत्ता ठरलेला आणि डिझेलचा हिशेब काटेकोर, अशी स्थिती असली की वाचलेले डिझेल हीच वरकमाई होते. तीच गत झोपेची. खेप जेवढी लवकर तेवढा पैसा, मग झोपायचे केव्हा? घाटातल्या पुष्कळ अपघातांचे मूळ असे घाटात नसते, ते पगाराच्या पद्धतीत असते.

आणि याची किंमत फक्त ड्रायव्हर मोजत नाही. १३ जून २०२३ रोजी कुणे गावाजवळच्या पुलावर टँकर उलटून पेटला, तेव्हा चार जणांचा जीव गेला. जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडले आणि खालून जाणारी, त्या टँकरशी काहीही संबंध नसलेली माणसे त्यात होरपळली. जड गाडीतील बिघाड असो की माणसातील, तो रस्त्यावरच्या सगळ्यांचाच प्रश्न असतो.

ड्रायव्हर दवाखान्यात येतो तो मात्र झोपेची तक्रार घेऊन येत नाही. तो कंबर धरून येतो. तासन् तास हादरे बसून मणक्यांच्या चकत्या झिजतात. लघवीला थांबायला जागा नाही म्हणून पाणी कमी पितो, त्यातून मुतखडा होतो. बैठे काम आणि अवेळी मसालेदार जेवण यांतून मूळव्याध होते. जागे राहण्यासाठी तंबाखूचा बार गालात असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तोंड पुरते उघडत नाही अशी चाळिशीतली माणसे आम्ही पाहतोच. तोंड उघडायला त्रास होणे, पांढरा चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम ही कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते. अशा वेळी थांबू नये.

रक्तदाब आणि मधुमेह या दोन गोष्टी गुपचूप वाढतात. येथे एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबले, तर साखर एकदम खाली जाते. घाम येतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस गोंधळतो. हे घरी झाले तर साखरपाणी देता येते. चालत्या गाडीत झाले तर काय होईल ते सांगायला नको. आपला धंदा ड्रायव्हरचा आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यानुसार औषध निवडता येते. केबिनमध्ये साखर किंवा ग्लुकोजचा पुडा हाताशी ठेवा. लोणावळ्याची चिक्की ठेवलीत तरी चालेल, पण तिच्यात दाणे-तेल असल्याने ती साखरेइतकी चटकन लागू पडत नाही. सर्दी-खाजेवरच्या पुष्कळ स्वस्त गोळ्यांनी झोप येते. दुकानातून परस्पर गोळी घेऊन स्टिअरिंगवर बसू नका.

मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडकून दचकणारा, पुरेसे झोपूनही दिवसा पेंगणारा आणि शर्टाची कॉलर सतरा इंचांपुढे गेलेला ड्रायव्हर असेल, तर त्याची झोपेची तपासणी करून घ्यावी. पुण्यात ती सोय आहे आणि या विकारावर उपायही आहे. घोरण्याची खरी माहिती बायकोलाच असते. म्हणून दवाखान्यात येताना शक्य तर तिलाही बरोबर आणा.

आता घराकडे वळू. पंधरा दिवसांनी घरी आलेला माणूस दोन दिवस राहतो आणि त्यातला बराचसा वेळ झोपतो. मुलांना दटावले जाते, ‘गप्प बसा, बाबा झोपलेत.’ भातलावणी, शाळेची फी, सासूबाईंचे मोतीबिंदू, सगळे त्या बाईनेच निभावलेले असते. त्यामुळे बाबा घरात आला की त्याला आपण पाहुणे आहोत असे वाटते आणि तिला आपले कोणी ऐकत नाही असे वाटते. यातून चिडचिड, भांडणे आणि कधी दारू. अशी कितीतरी जोडपी माझ्यासमोर बसतात. दोघांपैकी कोणाचाच दोष नसतो. पहिला दिवस झोपेचा आणि दुसरा दिवस घरच्यांचा, असे उघड ठरवून घेतले तर पुष्कळ फरक पडतो. आणि कृपा करून चालत्या गाडीत फोन करू नका. रात्रीच्या थांब्याची वेळ ठरवा, तेव्हा बोला. मुलाचा चेहरा व्हिडिओवर पाहण्याचा मोह कोणत्या बापाला आवरेल?

एका नाजूक विषयावरही बोलले पाहिजे. भारतात १९८६ साली एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले आणि पुढच्या काळात ट्रकचालकांकडे बोट दाखवले गेले. महिनोन् महिने घराबाहेर राहणाऱ्या माणसाला धोका अधिक असतो हे खरे, पण म्हणून प्रत्येक ड्रायव्हरकडे संशयाने पाहणे हा अन्याय आहे. निरोध वापरावा, शंका असल्यास दोघांनीही तपासणी करावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते, नाव गुप्त ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि औषधेही मोफत आहेत. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. १०९७ या क्रमांकावर फोन करून माहिती मिळते.

मग करायचे काय? कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम, लांब पल्ल्याला फार तर दहा तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याची सुटी, हे सर्व लिहून ठेवले होते. पण पाचांहून कमी कामगार असलेल्या मालकाला तो लागू नव्हता, आणि एक-दोन गाड्यांचे मालक आपल्याकडे किती आहेत ते सर्वांना ठाऊक आहे. पुढे तो कायदा २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला. वैमानिकांसारखेच ट्रकचालकांचेही तास ठरवावेत असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ साली म्हटले. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हेही चांगलेच झाले. पण थंड केबिनमध्ये अठरा तास बसवले, तर झोप अधिकच येईल.

माझ्या मते तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, आम्हा डॉक्टरांच्या. परवान्यासाठी लागणारा नमुना १-अ हा दाखला काही ठिकाणी पेशंटला न तपासताच दिला जातो, हे थांबले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली, म्हणजे तपासणीची संधीही कमी झाली. त्या कागदावर नजर, रंग, ऐकू येणे यांची चौकशी आहे; झोप आणि घोरणे यांची नाही. कागदावर नसले तरी आपण विचारावे, रक्तदाब आणि साखर पाहावी. दुसरी, मालकांच्या हातात. खेपेची वेळ ठरवताना सात तासांची झोप धरूनच ठरवावी आणि डिझेल-बचतीवर बक्षीस देणे बंद करावे. तिसरी, शासनाच्या हातात. घाट सुरू होण्याआधी गाडी निर्धास्त लावता येईल, अंघोळ होईल, चोरीची भीती न बाळगता झोपता येईल अशा पुरेशा जागा हव्यात. डिझेल आणि माल चोरीला जाईल या भीतीने माणूस एक डोळा उघडा ठेवूनच झोपतो. ती झोप नव्हे.

ड्रायव्हर बंधूंनो, बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी तुम्ही नाणे टाकता. घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात. ती श्रद्धा अवश्य जपा. पण जांभया सुरू झाल्या, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, की घाटाआधीच गाडी बाजूला घ्या. चहा प्या आणि लगेच वीस मिनिटे आडवे व्हा. चहाचा अंमल सुरू होईपर्यंत डुलकीही पुरी होते. मात्र ही तात्पुरती मलमपट्टी आहे, रात्रीच्या झोपेला पर्याय नाही. काच उघडून वारा घेणे, गाणी मोठ्याने लावणे, तंबाखू मळणे यांनी झोप जात नाही, फक्त ती गेल्यासारखी वाटते. आणि घरी आलात की एकदा रक्तदाब, साखर आणि डोळे तपासून घ्या. त्याला अर्धा तास पुरतो.