भर दुपारचा दिवा

‘सूर्यापुढें काजवा’ ही उक्ति आम्हीं शाळेंत पस्तीस वर्षें मुलांस शिकविली. परंतु यंदाच्या वैशाखांत घरच्या मुंजींत त्या काजव्यानेंच आम्हांस एक धडा दिला. तो सुज्ञ वाचकांस सादर करितों.

आधीं जुनी गोष्ट. दहा वर्षांपूर्वीं थोरल्या नातवाची मुंज भिवंडीस आमच्या अंगणांत झाली. पंगती बसण्यापूर्वीं, साडेबाराच्या सुमारास, मंडळी फोटोसाठीं जमली. मध्यें खुर्चीवर आमची वडील बहीण आक्का, डोक्यावर पदर. ऊन लख्ख होतें. “एवढा उजेड असतां फ्लॅश कशाला?” असें आम्हींच फोटो काढणारास म्हटलें. फोटोंत बटूच्या मुंडावळ्या उमटल्या, शालूचे कांठ उमटले. आक्काच्या डोळ्यांच्या जागीं मात्र दोन काळ्या खोबणी! त्याच कार्तिकांत ती गेली. तिचा तोच शेवटचा फोटो. तसबिरींत तिची नजर आम्ही अजून शोधतों.

असें कां व्हावें? भिवंडी सुमारें १९.३ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मे महिन्याच्या मध्यास मध्यान्हींचा सूर्य येथें थेट माथ्यावर येतो, आणि मुंजीलग्नांचे दिवसही तेच. भुवयांची व पदराची सावली डोळ्यांवर पडते. आपली दृष्टि ऊन व सावली दोन्ही सांभाळून घेते; कॅमेऱ्यास तें तितकें साधत नाहीं. उन्हाचें माप धरावें तर सावली काळी, सावलीचें धरावें तर बाकी सारें पांढरें फटक.

१८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. त्या काळीं फोटोस मुख्य आधार सूर्याचाच. आज विजेचा फ्लॅश हाताशीं असूनही आपण तो रात्रीसाठीं राखून ठेवतों.

यंदा धाकट्या नातवाच्या मुंजींत पुतणीनें भर उन्हांत फ्लॅश लावला, तेव्हां मंडळी हंसली. ती म्हणाली, “काका, हा दिवा उन्हाशीं झुंजण्यासाठीं नाहीं, फक्त सावली उजळण्यासाठीं आहे.”

तिनें सांगितलेली कृति अशी. आयएसओ १००, छिद्र एफ १६, शटर १/१२५ सेकंद. पडद्याच्या शटरचा वेग साधारणतः १/२०० च्या पुढें नेऊं नये. नाहींतर फोटोंत काळा पट्टा येतो. फ्लॅशचा उजेड उन्हाच्या निम्मा किंवा त्याहून कमी ठेवावा, म्हणजे चेहरे पिठूळ दिसत नाहींत. अंतर दुप्पट झालें कीं उजेड चौथाई उरतो. म्हणून लहान फ्लॅश असल्यास मोठ्या घोळक्याऐवजीं चार-पांच माणसें जवळ घ्यावीं. मोबाइलचा दिवा दुपारच्या उन्हांत फिका पडतो. तेव्हां पडवीच्या सावलींत यावें, किंवा चेहऱ्यासमोर, चौकटीबाहेर, कोणी पांढरें धोतर ताणून धरावें. त्यावरून परतलेलें ऊनही डोळे उजळतें.

त्या फोटोंत आमच्या थोरल्या वहिनींचे, वय वर्षें ऐशीं, पदराखालचे हंसरे डोळे स्पष्ट दिसतात. वाचकहो, कार्यांत मुहूर्ताची काळजी आपण घेतोंच. फोटोच्या वेळीं घरांतील सर्वांत वडील माणसाच्या डोळ्यांत उजेड पडला कीं नाहीं, एवढें पाहावें, आणि मगच खुर्च्या उचलाव्या.