परकोटाच्या आतला इतिहास

अहेरीच्या माणसाला चंद्रपूर म्हणजे दवाखाना, रेल्वे नाहीतर कापडबाजार. आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर करत एसटीने जायचे, काम उरकायचे आणि परतीची गाडी धरायची. जटपुरा दरवाज्याखालून जाताना मान वर करायला कुणाला सवड असते? यंदा दिवाळी अंकाच्या निमित्ताने आम्ही मुद्दाम सवड काढून गोंडकालीन परकोट पायी पाहिला. दरवाज्यावर हत्तीला पायाखाली घेतलेला सिंह अजून ठसठशीत आहे. ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनी तटावरची झाडेझुडपे काढली, म्हणून आज परकोटावरून चालता येते. त्यांचे हे ऋण मोठे आहे.

अंचलेश्वर दरवाज्याजवळ गोंड राजा बीरशहाची समाधी आहे. या राजाला त्याच्याच पदरच्या हिरामण नावाच्या रजपुताने मारले, अशी हकीकत सांगतात. राणी हिराईने नवऱ्याची समाधी बांधली आणि राज्यही सांभाळले. समाधीची कलाकुसर पाहून लोक परततात. खून का झाला, हे विचारत नाहीत.

याच परकोटात चंद्रपूरचा तुरुंग. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इथे इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या बाबूराव शेडमाके यांना फाशी दिली. वय अवघे पंचवीस. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे हा दिवस येतो, लोक तुरुंगातल्या पिंपळापाशी जमतात, हार घालतात. ते घालायलाच हवेत. पण हार घालून गोष्ट पुरी होत नाही, कारण तिचा अवघड भाग आपल्या अहेरीत आहे. बाबूराव इंग्रजांच्या हाती लागत नव्हते. तेव्हा डेप्युटी कमिशनर क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दडपण आणले आणि त्यांच्या माणसांकरवी बाबूराव पकडले गेले. पुढे याबद्दल अहेरीला गावे बक्षीस मिळाली. हे आपण दबक्या आवाजात बोलतो. का? लक्ष्मीबाईंपुढे कोणता धाक होता, रयतेची काय अवस्था होती, हे मांडले तर त्याही माणूस म्हणून कळतील.

अशी अवघड गोष्ट घडली त्या जागीच सांगता येते. दिल्लीच्या ‘गांधी स्मृती’त ३० जानेवारी १९४८च्या संध्याकाळची गांधीजींची शेवटची पावले जमिनीवर कायम केली आहेत. पाहणारा त्या पावलांमागून चालत जातो आणि ती थांबतात तिथे थांबतो. चंद्रपुरात परकोटाच्या आत अशी एक जागा व्हावी, असे आम्हाला मनापासून वाटते. तिथे बीरशहाचा खून असावा, बाबूरावांचे बंड असावे, त्यांचे साथी अडपल्लीचे व्यंकटराव असावेत आणि अहेरीही असावी, काही न लपवता. गोंडी आणि माडियातूनही ते सांगितले जावे. ज्या भागात नक्षलवाद्यांनी लावलेल्या ‘खबऱ्या’ एवढ्या एका शिक्क्यावर कित्येकांचे जीव गेले, तिथे कुणी कुणाला का धरून दिले, हे शांतपणे वाचता येईल अशी एक भिंत तरी असावी.

जागा होईल तेव्हा होईल. तोवर हे काम अंकातून सुरू करतो आहोत. राजगड, घोट, मोलमपल्ली, अडपल्ली या भागांतल्या वाचकांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या हकीकती, जुने कागद, गाणी आमच्याकडे पाठवावीत. कागद आणून दिला तर नक्कल करून मूळ परत करू. गाणे गोंडीत असेल तर गोंडीतच छापू, शेजारी मराठी देऊ. आणि कुणाच्या घरची आठवण दुसऱ्याच्या घरच्या आठवणीशी जुळली नाही, तर दोन्ही छापू.